ओझं ज्या चाकावर, ब्रेक त्या चाकाला



दसरा झाला. मुकादमांच्या फेऱ्या सुरू झाल्यात. कुणाची उचल घेऊन झाली, कुणाची बोलणी अजून चालू आहेत. दिवाळीच्या आगेमागे गावागावातून ट्रॅक्टर निघतील. ट्रॉलीत पिठाची गोणी, चूल, भांडी, अंथरूण-पांघरूण, एखादी शेळी, आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली आपली माणसं. पुढं चार-पाच महिने ट्रॉली भरायची आणि रिकामी झाली की पुन्हा भरायची. म्हणून माणसं निघायच्या आत आजचा विषय घेतलाय. आज बोलायचं आहे ट्रॉलीच्या ब्रेकबद्दल.

विषय सांगितल्यावर आमच्याच एका मैत्रिणीनं विचारलं, "ताई, ब्रेक हा बायकांचा विषय आहे का?" आम्ही तिला उलट विचारलं, भरलेल्या ट्रॉलीवर बसून कोपीवर परत कोण येतं? ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी गटातून कर्ज उचलताना सही कुणाची असते? आणि काही झालं तर दवाखान्यात उशाशी महिनाभर कोण बसतं? ती म्हणाली, "मग बोला."

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातल्या आक्का आणि त्यांचा मुलगा एकाच टोळीत होते. मुलगा ट्रॅक्टर चालवायचा. एका संध्याकाळी दोन ट्रॉल्या भरून झाल्या. कारखान्याच्या वाटेवरच अड्डा होता, म्हणून आक्का आणि आणखी दोघीजणी पुढच्या ट्रॉलीवर उसावर बसल्या. वाटेत ओढ्यावरचा पूल होता आणि पुलाकडं रस्ता उतरत होता. पुलावर समोरून एक टेम्पो आला. मुलानं ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. मागच्या ओझ्यानं त्याला ढकलत नेलं, ट्रॅक्टर रस्त्यात आडवा फिरला आणि पुढची ट्रॉली कलंडली. दोघी बाजूला फेकल्या गेल्या, त्यांना खरचटण्यावर निभावलं. आक्कांचा पाय उसाखाली सापडला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आज त्या काठी घेऊन चालतात. कोयता सुटला तो सुटलाच.

गावात सगळे एकच म्हणाले, पोरगा पिलेला असेल. पोलिसांनी तपासलं, तो पिलेला नव्हता. मग म्हणाले, जोरात चालवत असेल. आक्का स्वतः वर बसल्या होत्या, त्या सांगतात, जोरात नव्हता. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो मुलगा आमच्याशी मान वर करून बोलत नव्हता. शेवटी एवढंच म्हणाला, "ताई, मी ब्रेकवर उभा राहिलो होतो. दोन्ही पाय देऊन. ट्रॅक्टर थांबंचना."

मैत्रिणींनो, हे वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही. ब्रेक दाबला, ब्रेक लागलाही, तरी गाडी थांबत नाही, हे कसं? आम्ही मेकॅनिकना विचारलं, जुन्या ड्रायव्हरांना विचारलं, ट्रॉली बनवणाऱ्यांना विचारलं. जे कळलं ते तुमच्यासमोर मांडतो.

बैलगाडी आठवा. भरलेली गाडी चढावर असते तेव्हा बैल ओढतात. तीच गाडी उताराला लागली की काय होतं? गाडी बैलांच्या मानेवर येते. बैलांना ओढायचं काही राहत नाही, त्यांना मागचं ओझं मानेनं रोखून धरावं लागतं. जाणता गाडीवान उताराला गाडीतली माणसं खाली उतरवतो, कासरा आवळतो, चाकाला अडण लावतो. बैल कितीही दमदार असले तरी मागचं ओझं त्यांच्या पायांपेक्षा जड आहे, हे त्याला ठाऊक असतं. ट्रॅक्टरचं अगदी तसंच आहे. फक्त ट्रॅक्टरला मान नाही आणि तो घाबरून हंबरत नाही, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही.

आता थोडा हिशेब करू. गटाचा हिशेब आपण करतोच, त्यापेक्षा हा सोपा आहे. ४५ ते ५० अश्वशक्तीचा साधा ट्रॅक्टर घ्या. त्याचं वजन सुमारे २ टन. मागच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून धरा ४ टन. त्यात ऊस धरा १६ टन. एकूण झाले २२ टन. त्यातले २ टन पुढं, २० टन मागं. म्हणजे जो ओढतोय त्याच्या दहापट ओझं त्याच्या पाठीशी आहे.

ब्रेक कुठं आहेत? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना असतात. पुढच्या चाकांना नसतात. आणि ट्रॉलीच्या चाकांना बहुतेक ठिकाणी नसतातच. म्हणजे २२ टनांचं हे सगळं लटांबर दोन चाकांनी थांबवायचं आहे.

कुणी म्हणेल, ट्रॅक्टरचे ब्रेक चांगले घट्ट करून घेऊ. इथंच खरी गोम आहे. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला नाही. गाडी थांबते ती टायरनं रस्ता धरल्यामुळं. आणि टायर रस्ता किती धरतो, हे त्या टायरवर किती वजन आहे त्यावर ठरतं. रिकामी पाटी फरशीवर बोटानं सरकते, ज्वारीनं भरलेली सरकत नाही. तसंच हे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर त्याच्या स्वतःच्या वजनातले सुमारे सव्वा टन असतात. चार चाकी ट्रॉली आपलं वजन आपल्याच चाकांवर पेलते, ट्रॅक्टरवर ते फारसं येत नाही. म्हणजे २२ टनांपैकी ब्रेक असलेल्या चाकांवर फक्त सव्वा टन. ब्रेक कितीही घट्ट केले तरी ती चाकं जागच्या जागी अडतील आणि डांबरावर घासत पुढं जातील. बाकीचं ओझं ज्या चाकांवर आहे, ती चाकं मोकळी फिरत राहतात. आक्कांचा मुलगा ब्रेकवर उभा होता आणि ट्रॅक्टर चालतच होता, त्याचं कारण हे.

म्हणून आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: ओझं ज्या चाकावर, ब्रेक त्या चाकाला.

आता थांबायला जागा किती लागते ते बघू. हा ढोबळ हिशेब आहे, रस्ता आणि टायर बदलले की आकडा बदलतो. सपाट, कोरडा डांबरी रस्ता आणि वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे सायकल जोरात चालवावी तेवढा. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात ५ ते ६ मीटर सरले. पुढं फक्त ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आपलं २२ टनांचं लटांबर थांबायला आणखी जवळजवळ ३० मीटर लागतात. सगळे मिळून ३५ मीटर. म्हणजे एकामागं एक उभ्या केलेल्या तीन एस.टी. बस. दोन्ही ट्रॉल्यांच्या सगळ्या चाकांना चांगले ब्रेक असतील, तर तेच लटांबर सुमारे १२ मीटरांत थांबतं. म्हणजे एक एस.टी. बस. तीन बसच्या अंतरात एखादं शाळेतून येणारं पोर असू शकतं, एखादी म्हैस असू शकते, पुलाचा कठडा असू शकतो.

ही झाली सपाट रस्त्याची गोष्ट. उतारावर तर ओझं स्वतःच खाली यायला बघतं. याच हिशेबानं पाहिलं, तर १०० फुटांत ६ फूट उतरणारा रस्ता असेल, तर नुसत्या ट्रॅक्टरच्या ब्रेकनं हे ओझं थांबतच नाही. जागा जास्त लागते असं नव्हे, थांबतच नाही. १०० फुटांत ६ फूट म्हणजे फार मोठा घाट नव्हे. ओढ्याच्या पुलाकडं उतरणारे आपले कितीतरी रस्ते तसे आहेत. आणि रस्त्यावर चिखल सांडलेला असेल किंवा पाऊस पडून गेला असेल, तर त्याहून कमी उतारही पुरतो.

वेगाची गोष्टही ऐका. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. १० च्या वेगात जी गाडी ८ मीटरांत थांबली असती, तिला २० च्या वेगात ३० मीटर लागतात. म्हणून उतारावर वेग निम्मा करणं हे भित्रेपण नाही, तो शहाणपणाचा हिशेब आहे.

आणि तो ट्रॅक्टर आडवा का फिरला? पुढचा थांबू पाहतो, मागचे ढकलतात. काठी सरळ असेल तर ढकल सोसते, जरा वाकडी असली की मधेच मोडते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली पिनेनं जोडलेले असतात, त्या पिनेच्या जागी सगळं दुमडतं. ट्रॅक्टर आडवा होतो, ट्रॉली त्याच्यावर येते किंवा कलंडते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असला की मागचं ओझं मागच्या मागं अडतं आणि सगळी रांग सरळ राहते.

आता तुम्हाला एक गंमत सांगतो. अमेरिकेत मोटारहोम नावाच्या गाड्या असतात. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. बसएवढी गाडी, आत स्वयंपाकाचा ओटा, झोपायची खोली, न्हाणी, सगळं. निवृत्त झालेली माणसं असलं घर घेऊन महिनोन्‌महिने देशभर फिरतात. मुक्कामाला पोचल्यावर बाजारहाट करायला एवढं मोठं घर नेता येत नाही, म्हणून ते मागं आपली छोटी मोटार बांधून ओढत नेतात. घराचं वजन समजा १० टन, मागच्या मोटारीचं दीड टन. तरीही त्या ओढल्या जाणाऱ्या मोटारीला वेगळा ब्रेक लावतात. एक पेटी मिळते, ती मोटारीत ड्रायव्हरच्या पायाजवळ ठेवतात. पुढच्या घरानं ब्रेक मारला की पेटीचा दांडा मागच्या मोटारीचं ब्रेकचं पेडल दाबतो. मोटारीत माणूस कुणी नाही आणि ब्रेक लागतो. शिवाय एक बारीक तार पुढच्या गाडीला बांधलेली असते. जोड तुटून मोटार सुटलीच, तर तार निघते आणि मोटारीचा ब्रेक आपोआप लागतो. तिथल्या अनेक राज्यांत मागच्या ओझ्यानं साधारण १,३६० किलोची हद्द ओलांडली की त्याला स्वतःचा ब्रेक लागतो, असा नियम आहे.

आम्ही हे एका बैठकीत सांगितलं तेव्हा बायका हसल्या. मग एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे त्यांचं मागचं ओझं पुढच्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाचं, तरी ब्रेक. आपलं मागचं ओझं पुढच्याच्या दहापट, वर आपण बसलेलो, आणि ब्रेक नाही." त्यानंतर कुणी हसलं नाही.

मग ट्रॉलीला ब्रेक असतो तरी कसा? मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला, ढकलीवर चालणारा ब्रेक. ट्रॉलीचा पुढचा दांडा थोडा आत-बाहेर सरकेल असा बनवतात. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढं ढकलते, दांडा आत सरकतो, त्याला जोडलेली सळई ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक ओढते. जेवढी ढकल जास्त तेवढा ब्रेक जास्त. ट्रॅक्टरला काही जोडावं लागत नाही, काम सोपं. पण हा हलक्या ट्रॉलीला शोभतो, उसाच्या जड ट्रॉलीला पुरा पडत नाही. दांड्यात गंज चढला, ग्रीस संपलं की तो सरकत नाही. मागं घेताना ब्रेक लागू नये म्हणून त्याला अडकण लावावी लागते, ती नंतर काढायला विसरलं की ब्रेक असून नसल्यासारखा.

दुसरा, तेलाच्या दाबावर चालणारा, म्हणजे हायड्रॉलिक. ट्रॅक्टरमधून तेलाची नळी ट्रॉलीकडं जाते. ड्रायव्हरनं दाब दिला की ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक लागतो. याचा जोर चांगला असतो. नळी गळते का, जोड घट्ट आहे का, हे रोज बघावं लागतं.

तिसरा, हवेचा ब्रेक, ट्रकला असतो तसा. ट्रॅक्टरवर हवा भरणारा कॉम्प्रेसर, हवेची टाकी, तिथून ट्रॉलीकडं नळ्या. जड ओझ्यासाठी हा चांगला. नीट बसवलेल्या हवेच्या ब्रेकचा मोठा गुण असा, की ट्रॉली सुटली, नळी तुटली, की ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागतो. अमेरिकेतल्या त्या तारेचंच काम ही नळी करते. खर्च मात्र तिन्हींत जास्त.

कुठलाही प्रकार घेतला तरी दोन गोष्टी सारख्या. दोन ट्रॉल्या असतील तर ब्रेक दोन्हींना हवा. पुढच्या एकीलाच लावला तर मागची तिला ढकलणारच. आणि ब्रेक ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना सारखा लागला पाहिजे. एकाच बाजूला लागला तर ट्रॉली त्या बाजूला ओढ घेते.

हे सगळं ऐकून आमच्या एका गटानं काय केलं ते सांगतो. त्या गटातल्या एका ताईंना दोन ट्रॉल्यांसाठी कर्ज हवं होतं. घरी ट्रॅक्टर होता. गटाची बैठक झाली आणि आक्कांची गोष्ट निघाली. मग पाचजणी मिळून रस्त्यावरच्या ट्रॉली बनवणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. विचारलं, ट्रॉलीला ब्रेक आहे का? दुकानदार म्हणाला, "ट्रॅक्टरला आहेत की! ट्रॉलीला कशाला?" आम्ही पाटीचं उदाहरण दिलं, वजनाचा हिशेब सांगितला. तो म्हणाला, "ताई, मला कळतंय. पण ब्रेक चिखलात अडकतात, देखभाल लागते, भाव वाढतो. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून आम्ही लावत नाही. तुम्ही मागा, लावून देतो."

मैत्रिणींनो, आजवर कुणी मागितलाच नव्हता.

गटानं ठराव केला. ट्रॉलीसाठी कर्ज द्यायचं तर ब्रेकसकट भाव लेखी आणायचा, आणि ब्रेकचे पैसे कर्जातच धरायचे. त्या ताईंच्या मालकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, त्या पैशात दुसरी ट्रॉली येते, दुसरी ट्रॉली आली की एका खेपेला दुप्पट ऊस जातो, पट्टी दुप्पट येते. हे खोटं नव्हतं. शेवटी ताईंनी पहिल्या वर्षी ब्रेकची एकच ट्रॉली घेतली आणि दुसरी पुढच्या हंगामावर ठेवली. खेपा जास्त झाल्या, डिझेल जास्त लागलं, घरात बोलणीही खावी लागली. ब्रेक लावल्यानं सगळं गोड झालं असं आम्ही सांगणार नाही. त्या ताई एवढंच म्हणाल्या, "हप्ता लांबला तर गटाला सांगता येतं. पोरगा गेला तर कुणाला सांगू?"

आता तुमच्या-आमच्या हातात काय आहे? ट्रॉली आपली नसली, ट्रॅक्टर मुकादमाचा असला, तरी काही गोष्टी विचारता येतात. उचल घेतानाच विचारा, तेव्हा आपल्या शब्दाला वजन असतं.

एक. ट्रॉलीला ब्रेक आहे का, आणि तो चालतो का? नुसता दिसून उपयोग नाही. रिकामी ट्रॉली सपाट मैदानावर पायी चालण्याच्या वेगानं ओढायला सांगा आणि ट्रॉलीचा ब्रेक लावायला लावा. चाकं अडली पाहिजेत, दोन्ही बाजूंची सारखी. एक बाजू अडली आणि दुसरी फिरत राहिली, तर ब्रेक नीट नाही.

दोन. ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडल जोडलेली आहेत का? ट्रॅक्टरला डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्या चाकाचं वेगळं पेडल असतं, शेतात जागच्या जागी वळवायला. रस्त्यावर ही दोन्ही पेडल एकत्र अडकवण्यासाठी पट्टी असते. ती लावलेली नसेल आणि वेगात एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. फडातून रस्त्यावर येताना ड्रायव्हरला आठवण करा, "भाऊ, पट्टी लावली का?" एवढ्या एका वाक्याला पैसे पडत नाहीत.

तीन. उतारावर गिअर कुठला? जुन्या ड्रायव्हरांचा नियम साधा आहे: ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. आणि गिअर उतार लागण्याआधी टाकायचा, मधे नाही. डिझेल वाचवायला काहीजण उतारावर न्यूट्रल करतात किंवा क्लच दाबून ठेवतात. तेव्हा इंजिनाचा अटकाव सुटतो आणि सगळं ओझं ब्रेकवर येतं. या बचतीचं डिझेल फार महाग पडतं.

चार. पिनेला खिटी आहे का आणि साखळी आहे का? पिन उडून निघू नये म्हणून खिटी. आणि पिन निघालीच तर ट्रॉली सुटू नये म्हणून वेगळी साखळी. उभ्या ट्रॉलीच्या चाकापुढं-मागं लावायला लाकडी ठोकळे हवेत. दगड लावले असतील तर निघताना ते रस्त्यावरून उचला, नाहीतर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं. भरलेल्या ट्रॉलीवर बसायचं नाही. दिवसभर मोळ्या वाहून पाय गळालेले असतात, कोपी दोन-तीन कोसांवर असते, लेकरू वाट बघत असतं, हे आम्हाला माहीत आहे. "मग यायचं कसं?" हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर एकटीनं नाही, टोळीनं मागायचं. उचल ठरवतानाच सांगायचं, की माणसं ने-आण करायला वेगळी गाडी लागेल. एक बाई बोलली तर तिला गप्प करतात. दहा कोयत्यांनी मिळून सांगितलं तर ऐकावं लागतं. आणि जोवर ते होत नाही तोवर निदान उतार आला की खाली उतरा. जुना गाडीवान माणसांना उतरवायचा, तसंच.

कागदांचंही दोन शब्दांत सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे. म्हणून ट्रॉलीची नोंदणी आणि विमा आहे का ते विचारा. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचा झाला, असं धरू नका. ट्रॉली मालासाठी असते. तिच्यावर बसलेल्या माणसाला अपघात झाला की भरपाईसाठी वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागतं. म्हणून आपला विमा आपल्याकडं हवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या कुठल्याही खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाताचं संरक्षण मिळतं. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर १ लाख. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, म्हणून मे महिन्यात खात्यात पैसे ठेवायला विसरू नका. पुढच्या बैठकीत प्रत्येकीचं पासबुक आणा, हप्ता कापला गेलाय का ते आपण मिळून बघू. आक्कांच्या खात्यात त्या वर्षी २० रुपये नव्हते.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, ११२ ला पोलीस. पोलिसात नोंद आणि पंचनामा झालेला नसेल तर पुढचे अर्ज अडू शकतात. "आपसात मिटवू" म्हणणाऱ्याचं ऐकून घरी येऊ नका.

शेवटी पुन्हा त्या मुलाबद्दल. हा हिशेब आम्ही त्याला आणि आक्कांना एका कागदावर मांडून दाखवला होता. २२ टन, सव्वा टन, १०० फुटांत ६ फूट. तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. मग आईला म्हणाला, "म्हणजे मी कितीबी दाबला असता तरी..." आक्का म्हणाल्या, "मला कळलं होतं बाबा. मी तुझा पाय बघितला होता." या हंगामात तो पुन्हा ट्रॅक्टरवर जाणार आहे. या वेळी ट्रॉलीला ब्रेक असेल तरच, असं त्यानं मुकादमाला सांगितलंय. मुकादमाचं उत्तर अजून आलेलं नाही.

त्याच्यासारखं विचारणारे गावात आणखी चार निघाले, तर उत्तर लवकर येईल. म्हणून या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते आणि वसुली झाल्यावर हा विषय घ्या. कोण कुठल्या टोळीत जाणार, कुणाच्या ट्रॅक्टरवर, त्या ट्रॉलीला ब्रेक आहे की नाही, हे प्रत्येकीनं सांगायचं आणि वहीत लिहायचं. ज्या ट्रॉलीपुढं "नाही" लिहिलं जाईल, तिच्या मालकाकडं एकटीनं जायचं नाही. गटानं जायचं.

नीट जा, नीट परत या. नमस्कार.